चेहरा एकाचा, धड दुसऱ्याचे
(रविवारच्या शाळेचे शिक्षक, तरुण संघ व पालक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : उत्पत्ति २७:१-२९, उत्पत्ति ३७:२३-३५, निर्गम २०:१६, याकोब ३:९-१०
पाठांतर : इफिस ४:२५
उद्देश : फोटोतील चेहरा बदलण्याच्या नव्या सोयीचा उपयोग व दुरुपयोग समजून घेणे, आणि असा प्रसंग मंडळीतील कोणावर आला तर आपले कर्तव्य काय याचा विचार करणे.



आपल्या वर्गातील मुले आज ज्या खेळण्याशी खेळत आहेत, ते आपल्या लहानपणी नव्हते. मोबाइलमध्ये एक फोटो घालावा, दुसरा घालावा, बटण दाबावे, की पहिल्याचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर बसतो. पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, वेळ लागतो तो चहाचा कप संपेपर्यंतचा. बडोद्यातील आमच्या तरुण संघात हा विषय निघाला तेव्हा मुलांना त्याची माहिती आमच्यापेक्षा अधिक होती. परंतु ‘हे करावे की नाही’ असे विचारताच वर्ग गप्प झाला. ज्ञान आहे, विवेकाचा विचार मात्र कोणी शिकवलेला नाही. म्हणून हा पाठ.

१. हे होते कसे?

पूर्वी फोटोत फेरफार करायचा तर स्टुडिओत कात्री, डिंक आणि अंधारखोली लागे. पुढे संगणक आला, तरी हात बसलेला कारागीरच ते काम करी. आता संगणकाला पुष्कळ चेहरे दाखवून शिकवलेले असते. तो फोटोतील डोळ्यांचे कोपरे, नाकाचे टोक, ओठांच्या कडा अशा खुणा शोधतो. माणसाच्या चेहऱ्याची ठेवण तो आकड्यांत साठवतो. दुसऱ्या फोटोतील मान कोणीकडे वळली आहे, उजेड कोठून येतो, ओठ मिटलेले की हसरे, हे पाहतो. आणि त्या बैठकीत पहिल्या माणसाचा चेहरा नव्याने रंगवतो. शेवटी कातडीचा रंग जुळवून कडा पुसून टाकतो. म्हणजे चेहरा कापून चिकटवलेला नसतो, नवा घडवलेला असतो. म्हणूनच जोड दिसत नाही.

अशा विद्येचा एक मोठा टप्पा २०१४ साली गाठला गेला. २०१७ च्या अखेरीस एका अनामिक माणसाने इंटरनेटवर नामांकित नट्यांचे चेहरे अश्लील चित्रफितींवर बसवून टाकले. त्याने घेतलेल्या टोपणनावावरूनच ‘डीपफेक’ हा शब्द रूढ झाला. या विद्येच्या नावाचा उगम असा आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. तिचा पहिला गाजलेला उपयोग स्त्रियांची विटंबना करण्याचाच होता.

२. युक्ती जुनी, सोय नवी

चेहरा बदलणे ही कल्पना मात्र आजची नव्हे. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे एक भारदस्त उभे चित्र पुष्कळ वर्षे घरोघरी लागत असे. त्यातील धड लिंकन यांचे नव्हतेच. ते जॉन कॅल्हून या पुढाऱ्याच्या १८५२ च्या चित्रातून घेतलेले होते. लिंकन यांच्या वधानंतर मागणी वाढली, तेव्हा छापणाऱ्याने त्या धडावर लिंकन यांचे डोके बसवले आणि मेजावरील कागदांवरचे शब्दही बदलले. ज्याने गुलामगिरीचे आयुष्यभर समर्थन केले, त्याच्या देहावर गुलामांना मुक्त करणाऱ्याचा चेहरा! चेहऱ्यावरचा तीळ भलत्याच बाजूला आहे, हे पुढे एका जाणकाराच्या लक्षात आले आणि बिंग फुटले.

आपल्या बडोद्याचे उदाहरण घेऊ. सयाजीराव महाराजांच्या काळात येथे कलाभवन ही संस्था निघाली. तेथे शिकलेल्या एका मराठी तरुणाने पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. ते दादासाहेब फाळके होत. त्या चित्रपटात तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये तर राम आणि सीता ही दोन्ही सोंगे त्याच साळुंके यांनी वठवली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्ये फाळक्यांची लहान कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. परंतु चित्रपटाच्या आरंभीच तिचा चेहरा व त्यावरील निरनिराळे हावभाव प्रेक्षकांना दाखवले आहेत. कृष्णाचे सोंग कोणी घेतले आहे, हे आधी दाखवून मग खेळ सुरू होतो. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी एक फीतही फाळक्यांनी काढली होती.

या दोन उदाहरणांतला भेद वर्गाला नीट समजावून द्यावा. दोन्ही ठिकाणी चेहरा एकाचा आणि रूप दुसऱ्याचे आहे. फाळक्यांच्या प्रेक्षकाला हे सोंग आहे हे ठाऊक होते आणि सोंग घेणारा राजीखुशीने उभा होता. लिंकन यांचे चित्र विकत घेणाऱ्याला काही ठाऊक नव्हते, आणि लिंकन यांना विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून आपल्याला दोन कसोट्या मिळतात. ज्याचा चेहरा आहे त्याची संमती आहे काय? जो पाहणार आहे त्याला खरे काय ते ठाऊक आहे काय?

३. शास्त्रातील दोन प्रसंग

(अ) इसहाक आणि करडांची कातडी (उत्पत्ति २७). येथे याकोब मोठ्या भावाचे रूप घेऊन आंधळ्या बापापुढे जातो. वस्त्रे एसावाची, हातांवर करडांची कातडी, ताटात बापाला आवडणारे जेवण. इसहाक काही भोळा नव्हता. त्याने हात चाचपून पाहिले, वास घेतला, प्रश्न विचारले. आवाज दुसऱ्याचा आहे हे त्याला कळलेही. तरी हातांची साक्ष आवाजावर मात करून गेली. खरी खूण एकच होती आणि तीच त्याने बाजूला सारली. आपणही असेच करतो. ‘आपल्या ओळखीची मुलगी असे वागणार नाही’ हा मनातला आवाज खरा असतो. पण फोटो डोळ्यांना दिसतो, आणि आपण डोळ्यांचे ऐकतो.

(ब) योसेफाचा झगा (उत्पत्ति ३७). हा प्रसंग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे, म्हणून त्यावर अधिक वेळ द्यावा. भावांनी योसेफाला विकले, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात भिजवला आणि बापाकडे पाठवून दिला. झगा खरा होता. रक्तही खरेच रक्त होते. परंतु दोन्ही एकत्र आणल्याने जे दिसले, ते सर्वस्वी खोटे होते. चेहरा खरा, धड खरे, पण दोहोंचा जोड खोटा, असाच हा प्रकार नव्हे काय?

आणखी एक गोष्ट पाहा. भावांनी तोंडाने उघड खोटे काहीच सांगितले नाही. हे आम्हाला सापडले, तुमच्या मुलाचे आहे की नाही ते पाहा, एवढाच निरोप त्यांनी धाडला. हिंस्र पशूने खाल्ले हा निष्कर्ष बापाने स्वतःच काढला. आज आपल्या ग्रुपवर असेच चालते. ‘हे खरे आहे का, बघा बरं’ एवढे लिहून फोटो पुढे ढकलला जातो. ढकलणारा म्हणतो, मी कोठे आरोप केला? मी तर विचारले. योसेफाच्या भावांनीही विचारलेच होते. दहा आज्ञांतील खोट्या साक्षीची मनाई (निर्गम २०:१६) ही केवळ न्यायालयातील शपथेपुरती नाही. जी वस्तू पाहून दुसरा खोटा निष्कर्ष काढील ती वस्तू मुद्दाम त्याच्या हाती देणे, हीसुद्धा साक्षच आहे.

या खोट्याचे आयुष्य किती? योसेफ विकला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षे गेल्यावर भावांना त्याने ओळख दिली (३७:२, ४१:४६, ४५:६). म्हणजे सुमारे बावीस वर्षे बाप त्या रक्ताच्या डागावर विश्वास ठेवून शोक करीत राहिला. एवढा काळ घरातील प्रत्येक भावाला खरे काय ते ठाऊक होते. कोणी बोलला नाही. रऊबेनाच्या मनात योसेफाला वाचवावयाचे होते, तरी तोही गप्प राहिला. खोटे घडवणारे थोडे असतात. ते टिकवणारे मात्र आपल्यासारखे गप्प बसणारे असतात.

वर्गातील मोठ्या मुलांना हेही दाखवून द्यावे की, करडाच्या कातडीने बापाला फसवणारा याकोब पुढे बकऱ्याच्या रक्ताने स्वतः फसला.

४. अलीकडे काय घडले?

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांची म्हणून एक चित्रफीत देशभर फिरली. ती मुळात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या दुसऱ्याच तरुणीची होती. तिच्या धडावर मंदाना यांचा चेहरा बसवला होता. दिल्ली पोलिसांनी जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातून एका तरुणास अटक केली. आपण चालवत असलेल्या चाहत्यांच्या पानाला अनुयायी वाढावेत म्हणून त्याने हे केले, असे पोलिसांनी सांगितले. द्वेष नाही, वैर नाही. केवळ अनुयायी वाढावेत म्हणून! आणि येथे अन्याय एकीवर नव्हे, दोघींवर झाला. एकीचा चेहरा चोरला, दुसरीचा देह.

त्याच जानेवारीत सचिन तेंडुलकर एका खेळाच्या ॲपची शिफारस करीत आहेत, अशी फीत निघाली. तीत त्यांच्या कन्येचेही नाव गोवले होते. फीत बनावट असल्याचे तेंडुलकरांनी स्वतः जाहीर केले आणि मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

ही मोठी माणसे. त्यांचा आवाज देशभर पोहोचतो. परंतु झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांच्या जाळ्यात सापडलेल्या सामान्य कुटुंबांचे काय? कर्ज देताना मोबाइलमधील फोटो व नातेवाइकांचे क्रमांक उचलायचे, हप्ता चुकला की कर्जदाराचा चेहरा अश्लील चित्रावर लावून तो सासर-माहेरच्या लोकांना धाडायचा, असे प्रकार देशात पुष्कळ ठिकाणी घडले. २०२२ साली रिझर्व्ह बँकेला अशा कर्जव्यवहारासाठी नियम घालावे लागले. ज्या घरावर असा प्रसंग येतो त्या घरातील बाई बाहेर पडेनाशी होते. तिला ‘मी खरी आहे’ असे जाहीर करायला कोणते वर्तमानपत्र येणार? तिला तिची मंडळीच हवी.

याची दुसरी बाजूही आहे. फोटो खोटे होऊ शकतात हे एकदा सर्वांना कळले, की खरोखर अपराध करणाराही ‘हे एआयने बनवले आहे’ म्हणून हात झटकू शकतो. म्हणून ‘सगळेच खोटे’ असे म्हणून चालणार नाही. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी हा अनुवाद १९:१५ मधील नियम आज पुन्हा उपयोगी पडतो. एकट्या चित्राला साक्षीदार मानू नये. ते कोठून आले, मूळ कोणाजवळ आहे, आणखी कोणी पाहिले, हे विचारावे. पूर्वी कानाची कडा, डोळ्यांची उघडझाप, दागिन्यांची बसण यांवरून लबाडी ओळखता येई. सोय सुधारत चालली तशा त्या खुणा पुसट होत आहेत. त्यांवर विसंबू नये.

५. ‘फुकट’ म्हणजे काय?

मुले म्हणतात, ॲप फुकट आहे. शिक्षकांनी विचारावे, मग कंपनीचे पोट कशावर भरते? पुष्कळ ठिकाणी आपला फोटो दूरच्या संगणकावर जातो. तो तेथे किती दिवस राहील, कशासाठी वापरला जाईल, हे अटींच्या लांबलचक कागदात लिहिलेले असते, आणि तो कागद कोणी वाचत नाही. २०१९ साली चीनमध्ये ‘झाओ’ नावाचे चेहरा बदलण्याचे ॲप रातोरात गाजले. लोकांच्या चेहऱ्यांवर कंपनीने फार मोठा हक्क सांगितला आहे असे दिसताच ओरड झाली आणि कंपनीला अटी बदलाव्या लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे स्वतःच्या फोटोला जुन्या सिनेमातील नायिकेसारखी साडी नेसवण्याची लाट आली होती. त्यात पाप होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु पासवर्ड गेला तर बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही. आपला फोटो देताना एकदा विचार करावा. दुसऱ्याचा देताना त्याला विचारावे. लहान मुलांचा तर आईबापांना विचारल्यावाचून देऊच नये.

६. सर्वच चेहरा-बदल वाईट काय?

एका तरुणाने आम्हाला प्रश्न केला : “दादा, लग्नाच्या ग्रुप फोटोत वारलेल्या आजोबांना उभे केले तर चुकले काय?” प्रश्न प्रामाणिक आहे. अशी मागणी फोटो स्टुडिओवाल्यांकडे कितीतरी कुटुंबे करतात. आपल्या दोन कसोट्या लावून पाहू. घरातील सर्वांना आजोबा त्या दिवशी नव्हते हे ठाऊक आहे. कोणाची फसवणूक नाही. आजोबांच्या माणसांची संमती आहे. कोणाचा अपमान नाही. मग ती आठवण आहे, खोटी साक्ष नव्हे. फक्त फोटोच्या मागे तसे लिहून ठेवावे, म्हणजे पन्नास वर्षांनी नातवंडांचा गैरसमज होणार नाही. नाताळच्या नाटुकल्यासाठी मुलांचे चेहरे मेंढपाळांच्या चित्रावर लावणे, आईबापांच्या परवानगीने, हेही निर्दोष होय.

परंतु पाळकसाहेबांचा किंवा वर्गातील एखाद्या लठ्ठ मुलाचा चेहरा प्राण्यावर लावून हसणे? येथे मुले म्हणतील, “गंमत होती.” तेव्हा मत्तय ७:१२ कडे वळावे : तुमचा चेहरा तसा लागला तर चालेल काय? आणि याकोब ३:९-१० उघडून दाखवावे. देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या माणसाला शाप देणारी जीभ त्याच तोंडाने देवाचा धन्यवाद करते, याचे याकोबाला दुःख आहे. जिभेचे काम आज बोटाने होते, एवढाच फरक.

७. मंडळीतील कोणावर प्रसंग आला तर

समजा, गायनवृंदातील एका मुलीचा चेहरा लावलेला घाणेरडा फोटो सोमवारी ग्रुपवर आला. रविवारी ती देवळात येईल काय, हे आपल्यावर अवलंबून आहे.

(१) प्रथम तिच्यावर विश्वास ठेवावा. ‘तू तुझा फोटो टाकलासच कशाला?’ हा प्रश्न विचारू नये. चोरी झालेल्या घरधन्याला आपण ‘घर बांधलेसच कशाला’ असे विचारत नाही.

(२) फोटो पुढे पाठवू नये. ‘पाळकसाहेबांना दाखवायला’ म्हणूनही नाही. कोणत्या क्रमांकावरून, किती वाजता, कोठे आला एवढे लिहून ठेवावे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर विशेष जपावे. तसे अश्लील चित्र जवळ बाळगणे हाच २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

(३) तक्रार करावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. स्त्रिया व मुले यांच्या अश्लील चित्रांविषयी नाव न देताही कळवता येते. १९३० हा सायबर मदतीचा व १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक फळ्यावर लिहावा. बडोदे शहरात सायबर क्राइम पोलीस ठाणे आहे. जाताना तिच्याबरोबर महिला मंडळाची एक वडीलधारी बहीण असावी.

(४) जेथे फोटो टाकला आहे त्या कंपनीकडेही तक्रार करावी. तोतया व फेरफार केलेली चित्रे काढण्यासाठी २०२१ च्या नियमांनीच कंपन्यांना चोवीस तासांची मुदत घातली होती. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असल्यास ‘टेक इट डाउन’ आणि प्रौढ असल्यास ‘स्टॉप एनसीआयआय’ या विनामूल्य सेवा आहेत. त्यांत फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. त्याची आकड्यांतील खूण तेवढी जाते आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो रोखतात.

(५) पैसे मागितले तर देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते.

आणि ज्याने हे केले तो आपल्याच मंडळीतील मुलगा निघाला तर? येथे आपली खरी परीक्षा आहे. ‘मुलगा चांगल्या घरचा आहे, आपापसात मिटवू’ असे म्हणणारे लगेच पुढे येतात. मत्तय १८ मधील समेटाचा मार्ग आपल्याला प्रिय आहे. परंतु त्या अध्यायाच्या आरंभी लहानांस अडखळवणाऱ्यांविषयी प्रभूने किती कडक इशारा दिला आहे तेही वाचावे. अल्पवयीन मुलीचे प्रकरण पोलिसांना कळवणे हे पॉक्सो कायद्याने प्रत्येक जाणत्या माणसावर बंधनकारक आहे. पंचांना ते दडपण्याचा अधिकार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली अश्लील मजकूर पसरवणाऱ्यास पहिल्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड आहे. मुलांविषयीच्या कलम ६७-ब खाली पाच वर्षे व दहा लाखांपर्यंत. क्षमा म्हणजे प्रकरण झाकणे नव्हे. त्या मुलाला भेटावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, त्याला टाकून देऊ नये. पण मुलीने किंमत मोजून त्याची अब्रू वाचवावी असे कोणी सुचवू नये. यहूदा पुढे बन्यामिनाच्या जागी स्वतः दास व्हायला तयार झाला (उत्पत्ति ४४). बदललेल्या मनाची खूण ती : झालेल्या नुकसानाचा भार तो स्वतः उचलतो.

८. वर्गासाठी कृती

एक जुने वर्तमानपत्र घेऊन मुलांसमोर एका चित्रातील डोके कापून दुसऱ्या चित्रावर ठेवावे. मग विचारावे : यात खरे काय, खोटे काय? नंतर योसेफाच्या झग्याची गोष्ट सांगावी. लहान मुलांना मोबाइलमधील ॲप दाखवण्याची गरज नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. योसेफाच्या भावांनी बापाला कोणते वाक्य खोटे सांगितले? एकही नाही, तर मग ते दोषी का?
२. इसहाकाला कोणती खूण खरी मिळाली होती? ती त्याने का मानली नाही?
३. ग्रुपवर एखाद्या ओळखीच्या माणसाचा लाजिरवाणा फोटो आला. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही काय कराल?
४. आपल्या रविवारच्या शाळेचे फोटो कोण काढतो, कोठे टाकतो, आणि आईबापांना विचारले जाते काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी या महिन्याच्या सभेत ठरवून लिहून ठेवावे. प्रसंग आल्यावर नियम करण्यापेक्षा आधी केलेला बरा.

शेवटी सर्वांनी मिळून अशी प्रार्थना करावी की, ज्यांच्या चेहऱ्याची चोरी झाली आहे त्यांना आपल्या मंडळीत मान वर करून बसता यावे, आणि खोटा झगा पाहताना गप्प बसणाऱ्यांत आपली गणना होऊ नये.